स्कोअर भीतीपोटी दाबून ठेवू नका: अमेरिकेतल्या कॉलेजांत अर्ज करणाऱ्या मुलांच्या मराठी पालकांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

सॅट ही अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशासाठीची १६०० गुणांची परीक्षा. तिच्या ऑगस्टच्या फेरीचे निकाल येतात तेव्हा इथल्या मराठी मंडळांत बहुतेक वर्षी गणपतीची धामधूम असते. आरती झाली की प्रसादाच्या रांगेत पालकांचं बोलणं सुरू होतं. किती आले, कितव्यांदा दिली, आणि आता पाठवणार की नाही? पहिल्या दोन प्रश्नांत मी पडत नाही. तिसऱ्या प्रश्नासाठी मात्र हे पत्र लिहितेय, कारण त्याचं उत्तर आपल्याकडे फार वेळा ऐकीव माहितीवर आणि धास्तीवर ठरतं आणि त्याचा फटका मुलांना बसतो.

मी न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये काउन्सेलर आहे. सप्टेंबर ते जानेवारी माझ्या खोलीत अर्जांचीच वर्दळ असते. मराठी घरांतली मुलं येतात, त्यांचे आईवडील फोन करतात, पुण्याहून आणि नाशिकहून नातेवाइकांचे निरोप येतात. या सगळ्यांतून मला दोन गोष्टी दिसतात. पाठवायला हवेत असे चांगले स्कोअर आपण ‘कमी आहेत’ म्हणून मागे ठेवतो. आणि जिथे सगळे स्कोअर दाखवायचा नियम आहे, तिथे एखादा गाळायची वाट शोधतो. दोन्हीच्या मुळाशी भीती आहे, आणि दोन्ही थांबवता येण्यासारखं आहे.

हा घोळ आला कुठून, ते आधी थोडक्यात सांगते. स्कोअर पाठवणं ऐच्छिक ठेवायची कल्पना जुनी आहे. मेन राज्यातल्या बोडन कॉलेजने १९६९ मध्येच ती अमलात आणली. पण मोठ्या, नावाजलेल्या विद्यापीठांनी तिचा स्वीकार केला तो २०२० मध्ये, कोविडमुळे परीक्षा केंद्रं बंद पडली तेव्हा. त्यानंतर चित्र पुन्हा पालटलं. एमआयटीने मार्च २०२२ मध्ये सॅट किंवा एसीटी (तशीच दुसरी प्रवेशपरीक्षा) परत सक्तीची केली. २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड आणि कॅलटेक एकामागून एक त्याच वाटेने गेले. स्टॅनफर्ड, कॉर्नेल आणि पेन यांनीही सक्ती परत आणली. प्रिन्स्टनने ती २०२७-२८ च्या प्रवेशप्रक्रियेपासून आणायचं जाहीर केलंय. कॅलिफोर्निया विद्यापीठाची कॉलेजं मात्र स्कोअर बघतच नाहीत. म्हणजे बर्कलीला अर्ज करताना तुमच्या लेकीचा १५८० कोणी विचारात घेणार नाही, आणि तीच मुलगी एमआयटीचा अर्ज स्कोअरशिवाय पूर्ण करू शकणार नाही. थोरल्या मुलाच्या वेळी जे होतं ते धाकटीच्या वेळी नाही. शेजारच्या काकांचं तीन वर्षांपूर्वीचं ज्ञान आज चालत नाही. ज्या वर्षी अर्ज, त्या वर्षीचं त्या कॉलेजचं पान उघडून वाचायचं, याला पर्याय नाही.

आता मूळ दुखण्याकडे येते. जी कॉलेजं अजून स्कोअर ऐच्छिक ठेवतात, तिथे पाठवायचा की नाही हे पालक कसं ठरवतात? कॉलेजच्या संकेतस्थळावर मधल्या ५० टक्क्यांचा पट्टा छापलेला असतो, उदाहरणार्थ १५१० ते १५६०, म्हणजे निम्म्या मुलांचे स्कोअर या दोन आकड्यांच्या मधे, एक चतुर्थांश मुलांचे त्याखाली आणि एक चतुर्थांश मुलांचे त्यावर. मुलाचा स्कोअर १४८० असतो. बाबा म्हणतात, आपण पट्ट्याच्या खाली आहोत, नको पाठवू. विषय तिथेच मिटतो.

पण तो पट्टा कोणाचा आहे? समजा, एका कॉलेजात १००० मुलांनी प्रवेश घेतला. त्यांतल्या ४५० जणांनी सॅटचा स्कोअर पाठवला होता, २०० जणांनी एसीटीचा, आणि उरलेल्या ३५० जणांनी काहीच नाही. छापलेला पट्टा फक्त त्या ४५० जणांचा आहे. ज्यांना आपला स्कोअर कमी वाटला त्यांनी तो पाठवलाच नाही, त्यामुळे ते या हिशेबातच नाहीत. मग पट्टा वर सरकतो. पुढच्या वर्षीची मुलं तो वर सरकलेला पट्टा बघतात आणि आणखी काही जण स्कोअर मागे ठेवतात. पट्टा आणखी वर. मुलं काही दरवर्षी एकदम हुशार होत नाहीत, मोजण्यात येणाऱ्यांची संख्या तेवढी आटत जाते. शिवाय पट्ट्याचा खालचा आकडा म्हणजे उंबरठा नव्हे. आपल्या उदाहरणात स्कोअर पाठवलेल्यांपैकीच शंभराहून जास्त मुलं १५१० च्या खाली होती, आणि तरी ती आत आहेत.

हे तपासता येतं. बहुतेक कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं एक लांबलचक पत्रक प्रसिद्ध करतात. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द टाकून शोधलं की सापडतं. त्यात ‘सी ९’ या क्रमांकाखाली नव्या विद्यार्थ्यांपैकी किती टक्क्यांनी सॅट पाठवली आणि किती टक्क्यांनी एसीटी, हे लिहिलेलं असतं. पट्ट्याचा आकडा वाचायच्या आधी ही टक्केवारी वाचा. ८५ टक्के मुलांनी पाठवलेल्या स्कोअरचा पट्टा आणि ४० टक्क्यांनी पाठवलेल्या स्कोअरचा पट्टा यांना एकाच वजनाने घेता येत नाही.

डार्टमथची गोष्ट प्रत्येक पालकाला माहीत असायला हवी असं मला वाटतं. तिथल्या अध्यक्षा सिअन बायलॉक या स्वतः आकलनशास्त्राच्या अभ्यासक, दडपणाखाली माणसाची कामगिरी का ढासळते हा त्यांच्या संशोधनाचा विषय. त्यांनी आपल्याच प्राध्यापकांना ऐच्छिक धोरणाचा अभ्यास करायला सांगितलं: तीन अर्थशास्त्रज्ञ आणि शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या एक समाजशास्त्रज्ञ. त्यांनी प्रवेशांची माहिती तपासली आणि २०२४ च्या सुरुवातीला अहवाल दिला. त्यात असं दिसलं की कमी सुविधांतून आलेली, १४०० च्या घरात स्कोअर असलेली शेकडो मुलं आपला स्कोअर पाठवत नव्हती, आणि त्यांनी तो पाठवला असता तर त्यांना फायदा झाला असता. कारण तिथे स्कोअर सुटा वाचला जात नाही. मुलगा कोणत्या शाळेतून आला, त्या शाळेतल्या इतरांना सरासरी किती मिळतात, याच्या शेजारी ठेवून वाचला जातो. ज्या शाळेत सरासरी १००० आहे तिथून आलेला १४२० आणि ज्या शाळेत सरासरी १३८० आहे तिथला १४२० यांचा अर्थ निराळा. त्या मुलांना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी संकेतस्थळावरचा पट्टा बघितला, आपण त्यात बसत नाही असं मानलं आणि हातातला सगळ्यात बोलका पुरावा घरीच ठेवला.

आता मला ठाऊक आहे, काही जण म्हणतील, ही मुलं वेगळी, आमची परिस्थिती वेगळी. काही अंशी खरं आहे. एडिसनमध्ये किंवा क्युपर्टिनोमध्ये आईवडील दोघंही सॉफ्टवेअरमध्ये असतील, शाळाच अशी असेल की वर्गात निम्म्यांना १५०० च्या वर आहेत, तर १४२० चा अर्थ प्रवेश समिती त्याच संदर्भात लावणार. तिथे मागे ठेवणं शहाणपणाचं असू शकतं, आणि मी तसं सांगतेही. पण आपण सगळे सॉफ्टवेअरमध्ये नाही. जर्सी सिटीत दुकानाच्या काउंटरवर उभं राहणारे, टॅक्सी चालवणारे, रुग्णालयात रात्रपाळी करणारे मराठी आईवडील मला भेटतात. त्यांची मुलं क्लासशिवाय, फुकटच्या सराव परीक्षांवर, वाचनालयात बसून १४४० आणतात. आणि मंडळात एखाद्या सुस्थित काकांनी सांगितलेला ‘१५५० च्या खाली पाठवायचंच नाही’ हा नियम ऐकून ते लपवतात. तो नियम त्या काकांच्या मुलाच्या शाळेपुरता कदाचित बरोबर असेल. या मुलांना तो लावणं हा सरळ अन्याय आहे, आणि तो आपण आपल्याच माणसांवर करतोय. आकडा छातीठोकपणे फेकण्याआधी समोरचं मूल कोणत्या शाळेतलं आहे, घरची परिस्थिती काय आहे, एवढं तरी विचारा.

हेच महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्यांना लागू आहे. सांगली किंवा नांदेडच्या एखाद्या ज्युनिअर कॉलेजातून, जिथून याआधी कोणी सॅट दिलेली नाही, तिथून मुलगी अर्ज करते तेव्हा समोर बसलेल्या अधिकाऱ्याला त्या कॉलेजची, तिथल्या प्राध्यापकांच्या शिफारशीची, टक्क्यांची फारशी ओळख नसते. सॅटचा आकडा ही दोघांना कळणारी एक गोष्ट असते. मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय शाळेतल्या मुलाकडे स्वतःची ओळख द्यायला इतर पुष्कळ साधनं असतात. सांगलीच्या मुलीकडे ती कमी आहेत, म्हणून तिने स्कोअर मागे ठेवताना दहादा विचार करावा.

दुसरा मुद्दा, कोणत्या तारखेचे स्कोअर. इथे मला एक प्रसंग सांगायचा आहे. ऑक्टोबरमध्ये एक मुलगा लॅपटॉप उघडून माझ्या टेबलाशी बसला होता. कॉलेज बोर्डाच्या, म्हणजे सॅट घेणाऱ्या संस्थेच्या, खात्यातलं स्कोअर पाठवायचं पान पडद्यावर होतं आणि त्याचे बाबा फोनच्या स्पीकरवर. पानावर दोन ओळी होत्या. मार्च: वाचन-लेखन ६८०, गणित ७९०, एकूण १४७०. ऑगस्ट: वाचन-लेखन ७३०, गणित ७५०, एकूण १४८०. बाबा सांगत होते, ऑगस्टचाच टाक, मार्चचा कशाला दाखवतोस, दोनदा बसलास हे कळेल त्यांना. मुलगा बिचारा ऑगस्टच्या चौकटीवर बोट ठेवून थांबला होता. मग हळूच म्हणाला, ‘‘बाबा, मार्चचं गणित सोडून द्यायचं?’’

ज्या कॉलेजला तो पाठवत होता ते सुपरस्कोअर करतं. म्हणजे प्रत्येक विभागातला सर्वांत चांगला आकडा, मग तो कोणत्याही तारखेचा असो, उचलून बेरीज करतं. ७३० आणि ७९०, एकूण १५२०. एकच तारीख पाठवली असती तर त्यांच्यासमोर १४८० गेले असते. स्कोअर चॉइस नावाची जी सोय कॉलेज बोर्डाने २००९ मध्ये आणली, तिच्यात आपण तारीख निवडू शकतो, एका तारखेतला एकच विभाग निवडू शकत नाही. मार्चचं गणित हवं असेल तर मार्चचं वाचन-लेखनही सोबत जाणार. जाऊ दे. सुपरस्कोअर करणारं कॉलेज तो ६८० बाजूला ठेवतं. दोनदा बसल्याचं कळण्याबद्दल म्हणाल, तर दोनदा परीक्षा देणं ही तिथे इतकी नेहमीची गोष्ट आहे की त्यावर कोणी भुवई उंचावत नाही. बाबांना हे समजावायला पाच मिनिटं लागली. त्यांनी ऐकलं, हे त्यांचं मोठेपण.

काही जणांचा आक्षेप याच्या उलट टोकाचा असतो, आणि तो मला मनापासून आदराचा वाटतो. एक आजोबा मला म्हणाले होते, कमी पडलेले गुण न दाखवणं ही लबाडी नाही का? नाही, आजोबा. जिथे नियमच निवडायची मुभा देतो तिथे निवडणं ही लबाडी नाही. आपल्या दहावीच्या बोर्डाने बेस्ट ऑफ फाइव्ह धरलं, जेईई मेनच्या दोन सत्रांतला चांगला स्कोअर क्रमवारीसाठी घेतला जातो, तेव्हा कोणी त्याला लबाडी म्हटलं नाही. लबाडी तेव्हा होते, जेव्हा नियम सगळं मागतो आणि आपण काही लपवतो.

अशी कॉलेजं आहेत. जॉर्जटाउन हे त्यातलं ठळक नाव. तिथे स्कोअर चॉइस मान्य नाही, दिलेल्या सगळ्या परीक्षांचा सगळा इतिहास लागतो. अर्ज वाचताना ते सॅटच्या दोन्ही विभागांतले सर्वोत्तम आकडेच विचारात घेतात, पण समोर सगळं ठेवायला सांगतात. येलचं वळण वेगळं आहे. २०२४ च्या घोषणेनुसार सॅट किंवा एसीटीऐवजी एपी (हायस्कूलमध्येच देता येणाऱ्या कॉलेजपातळीच्या विषयवार परीक्षा, गुण १ ते ५) किंवा आयबी (आंतरराष्ट्रीय शाळांतला अभ्यासक्रम) यांचे स्कोअर देऊनही तिथली अट पूर्ण करता येते. पण एपीचा रस्ता धरला तर अर्जाआधी दिलेल्या सगळ्या विषयांचे एपी स्कोअर सांगावे लागतात. कॅल्क्युलसचे ५ आणि रसायनशास्त्राचे ५ दाखवायचे आणि भौतिकशास्त्राचे ३ गाळायचे, असं चालत नाही. ज्या मुलीला ते ३ टोचत असतील तिने सॅटचा रस्ता धरावा, नियमानेच तो दिलाय.

तुम्ही निवडक तारखा पाठवल्या तर यंत्रणा दर वेळी तुम्हाला अडवेल असं नाही. कॉलेजचा नियम पाळायची जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकलेली असते. इथेच एका खासगी सल्लागाराने एका आईला सांगितलेलं मी ऐकलं, की त्यांना कळणार कसं, सोडून द्या. मी त्या आईला सांगितलं तेच इथे सांगते. अर्जाच्या शेवटी मूल स्वतःच्या नावाने लिहून देतं की दिलेली माहिती खरी आणि पूर्ण आहे. सतरा वर्षांच्या मुलाला त्या ओळीवर खोटी सही करायला लावायची, आणि तीही एका १३९० साठी? खोटी माहिती उघड झाली तर दिलेला प्रवेश मागे घेता येतो. पण तसं कधीच झालं नाही तरी आईवडिलांनी आपल्याला हे करायला लावलं, हे त्या मुलाला आयुष्यभर माहीत राहणार. ज्यांना सगळं दाखवायचं नाही त्यांनी त्या कॉलेजला अर्ज करू नये, इतकं ते सोपं आहे.

पैशांचं बघू, कारण विशेषतः भारतातून अर्ज करणाऱ्यांना ते डॉलरमध्ये मोजावे लागतात. सॅटला बसताना चार कॉलेजांना फुकट स्कोअर पाठवता येतात, पण ती नावं परीक्षेनंतर नऊ दिवसांच्या आत द्यावी लागतात. निकाल त्यानंतर येतो. म्हणजे फुकट पाठवणं हे स्कोअर न बघता पाठवणं असतं. त्यानंतर प्रत्येक कॉलेजामागे शुल्क. दहा-बारा कॉलेजं म्हटली की रुपयांत ती रक्कम जड होते. बऱ्याच पालकांना माहीत नसतं ते असं: एमआयटी, येल, डार्टमथ यांसारखी पुष्कळ कॉलेजं अर्ज करताना मुलाने स्वतः भरलेले स्कोअर स्वीकारतात. कॉलेज बोर्डाकडून अधिकृत स्कोअर मागवायची वेळ प्रवेश पक्का झाल्यावर येते, आणि तेव्हा कॉलेज एकच असतं. म्हणून आधी यादी करा, कोणाला अधिकृत हवेत आणि कोणाला स्वतः भरलेले चालतात. सगळं दाखवायलाच लागणारं कॉलेज यादीत नक्की असेल, तर चार फुकटच्या जागांपैकी एक त्याला द्यायला काहीच हरकत नाही, ते आकडे तसेही जाणारच आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या आणि कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना शुल्कमाफी मिळते, तिच्यात स्कोअर पाठवण्याचाही समावेश असतो. ती मागताना लाज बाळगू नका. शाळेतला काउन्सेलर त्यासाठीच आहे. मी तरी त्यासाठीच आहे.

चौथ्यांदा, पाचव्यांदा परीक्षेला बसवणाऱ्यांशी मला जरा कळकळीने बोलायचं आहे. १५४० असलेल्या मुलीला १५७० साठी पुन्हा बसवता तेव्हा नेमकं काय मिळवता? निकालपत्रावर आकड्यासोबत एक पट्टा दाखवलेला असतो. तो सांगतो की त्याच मुलीने दुसऱ्या शनिवारी परीक्षा दिली असती तर आकडा थोडा इकडे-तिकडे झाला असता. परीक्षा घेणारेच हे मान्य करतात. एमआयटीने २०२२ मध्ये सक्ती परत आणताना प्रवेशप्रमुख स्टुअर्ट श्मिल यांनी जे लिहिलं त्याचा आशय असा, की आम्हाला पूर्ण गुणवाल्यांची विशेष ओढ नाही, मुलाची तयारी पुरेशी आहे हे एकदा दिसलं की त्यापुढे आम्ही स्कोअरकडे बघत नाही. तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला कॅल्क्युलसची आणि भौतिकशास्त्राची प्रत्येकी दोन सत्रं करावीच लागतात, म्हणून गणिताचा पाया त्यांना बघायचा असतो. पाया दिसला, संपलं. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला लवकरच्या अर्जांची मुदत असते. दिवाळीच्या आगेमागे ही मुलं निबंध लिहीत असतात, शाळेच्या परीक्षा असतात, झोप चार-पाच तासांवर आलेली असते. त्यात आणखी एक शनिवार सकाळची परीक्षा आणि तिच्याआधीचे सहा आठवडे क्लास, हे त्या ३० गुणांसाठी? माझ्यासमोर मुलं रडलेली आहेत. कमी गुण पडले म्हणून नव्हे. आईबाबांना सांगू कसं की आता बास, या प्रश्नावर.

म्हणून शेवटचा निर्णय मुलाचा असू द्या, ही माझी विनंती आहे. अर्ज त्याचा, खातं त्याचं, सही त्याची. तुम्ही शेजारी बसा. कॉलेजचा नियम दोघांनी मिळून मोठ्याने वाचा. कॉमन डेटा सेटमधली टक्केवारी काढून द्या. शाळेच्या सरासरीचा अंदाज काउन्सेलरकडून घ्या. आम्ही प्रत्येक अर्जासोबत शाळेची माहिती देणारं पत्रक पाठवतो, बऱ्याच शाळांच्या पत्रकांत ती सरासरी असते आणि पालकांनी मागितली तर ते दाखवायला बहुतेक शाळा तयार असतात. मग एका कागदावर कॉलेजांची नावं लिहा आणि प्रत्येकासमोर मुलाला लिहू द्या: पाठवणार, नाही पाठवणार, कोणत्या तारखा. त्याला तुमच्यापेक्षा वेगळं वाटलं तर कारण विचारा. कारण पटलं नाही तरी एकदा ते ऐकून घ्या.

कॉलेजांकडेही एक मागणी न्यायला हवी, आणि ती एकट्या काउन्सेलरच्या मेलने पूर्ण होणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्रवेश अधिकारी शाळाशाळांतून फिरतात, ऑनलाइन सभा घेतात. पुण्या-मुंबईतही त्यांचे कार्यक्रम होतात. तिथे आपले पालक वसतिगृहाबद्दल विचारतात, शाकाहारी जेवणाबद्दल विचारतात, शिष्यवृत्तीबद्दल विचारतात. या वर्षी आणखी एक प्रश्न विचारा: तुम्ही जो मधल्या ५० टक्क्यांचा पट्टा छापता, तो किती मुलांच्या स्कोअरवर काढलाय, आणि स्कोअर न पाठवलेल्यांपैकी किती जणांना तुम्ही प्रवेश दिलात? हे दोन आकडे पट्ट्याच्या शेजारीच छापायला काय अडचण आहे? दहा शहरांत दहा पालकांनी हेच विचारलं तर ते टाळणं त्यांना अवघड जाईल. जे उत्तर मिळेल ते कॉलेजचं नाव आणि वर्ष घालून आपापल्या मंडळाच्या गटावर टाका, म्हणजे पुढच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत निदान खरे आकडे फिरतील.

आपली,
न्यू जर्सीतली एक शाळा-काउन्सेलर